तारा काय सोडतो, काय राखतो

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीची पौर्णिमा ज्या महिन्यात येते त्या मार्गशीर्षाचं नावच मुळी एका नक्षत्रावरून पडलं आहे. पौर्णिमेचा चंद्र या दिवसांत मृगशीर्ष नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून महिना मार्गशीर्ष. संध्याकाळी देवळात पाळणा हलतो, फुलं उधळली जातात, सुंठवडा हातावर पडतो, आणि प्रदक्षिणा घालून आपण बाहेर येतो तेव्हा पूर्वेला चंद्र वर आलेला असतो. आपलं लक्ष त्या वेळी कळसाकडे आणि चंद्राकडे असतं. जरा चंद्राच्या आजूबाजूलाही पाहावं, एवढी विनंती करायची म्हणून हा लेख लिहायला घेतला. आपलं दैवत दिगंबर आहे. दिशा हेच ज्याचं वस्त्र, त्याच्या भक्ताने आकाशाकडे पाठ करून कसं चालेल?

आमच्या धाड भागातल्या शेतकऱ्याला मृग शिकवायला नको. जूनच्या 7-8 तारखेला मृग लागतो आणि आभाळाकडे बघत सोयाबीन-कपाशीच्या पेरणीचा हिशोब सुरू होतो. पण तेव्हा सूर्यच मृगात असतो, त्यामुळे मृगाचे तारे काही दिसत नाहीत. ते दिसतात आत्ता, थंडीत. चार कोपऱ्यांना चार ठळक तारे आणि मध्ये एका ओळीत तीन. ते तीन म्हणजे हरणाच्या पोटात रुतलेला बाण, आणि थोड्या उशिराने उगवणारा, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तो बाण मारणारा व्याध, अशी आपल्याकडची जुनी कथा. पौर्णिमेच्या चांदण्यात हे सारं फिकं पडतं. आठवडाभर थांबावं. चंद्र मध्यरात्रीकडे उगवू लागला की रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जावं, नाहीतर गावाच्या दिव्यांपासून लांब शेतात उभं राहावं.

एवढ्याशा जागेत ताऱ्याचं जन्म, म्हातारपण आणि मरण, तिन्ही पाहायला मिळतात. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका आहे. साध्या बायनॉक्युलरमधून तो धुक्याच्या पुंजक्यासारखा दिसतो. हा मृगातला तेजोमेघ, सुमारे 1300 प्रकाशवर्षं दूर. तिथे वायू आणि धूळ गोळा होऊन नवे तारे जन्माला येत आहेत. ती बाळंतिणीची खोली म्हणा. मृगाच्या डाव्या अंगाला जो तांबूस तारा दिसतो तो काक्षी. तो म्हातारा झाला आहे. 2019 च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये नेहमीच्या निम्म्याहूनही कमी तेजाचा झाला. हबल या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून पुढे कळलं, की त्याने आपल्या अंगावरचा एक मोठा लोट बाहेर टाकला होता आणि त्यातून झालेल्या धुळीने त्याचं तोंड झाकलं गेलं होतं. आणि व्याध? व्याध एकटा नाही. 1862 साली दुर्बिणीतून त्याच्याजवळ एक अगदी मंद ठिपका सापडला. तो मेलेल्या ताऱ्याचा गाभा आहे. वजन जवळजवळ सूर्याएवढं आणि आकार जेमतेम पृथ्वीएवढा. अशा गाभ्याला मराठीत श्वेत बटू म्हणतात. बटू म्हटलं की मला वामन आठवतो. दिसायला एवढासा, भार मात्र न पेलणारा.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. डॉ. जयंत नारळीकरांची मराठी पुस्तकं मुलांच्या आधी मी वाचत असे. तरी ताऱ्याचं मरण डोळ्यांना दिसेल असं वाटलं नव्हतं. ते दिसलं 12 जुलै 2022 रोजी. 2021 च्या नाताळात आकाशात सोडलेली जेम्स वेब ही दुर्बीण पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर उभी आहे, तिचा आरसा साडेसहा मीटर रुंदीचा. तिची पहिली चित्रं त्या दिवशी जगापुढे ठेवली गेली आणि त्यांत एक चित्र मरणाऱ्या ताऱ्याचं होतं. योगायोग असा, की दुसऱ्या दिवशी आपली गुरुपौर्णिमा होती. दक्षिण वलय तेजोमेघ असं त्याचं नाव. आपल्यापासून दोन-अडीच हजार प्रकाशवर्षं दूर. बाहेर तांबूस-तपकिरी जाळीदार कडा, आत निळसर पोकळी, आणि मधोमध दोन तारे. एक झगझगीत, एक मंद. पाहणाऱ्याला वाटतं, हा सगळा पसारा त्या झगझगीत ताऱ्याचाच असणार. तसं नाही. अंगावरचं सगळं देऊन टाकलेला तारा म्हणजे तो शेजारचा मंद, धुळीत गुरफटलेला.

रंगांबद्दल बरेच जण विचारतात, की हे रंग खरे की कुणी भरलेले? वेब दुर्बीण जो प्रकाश टिपते तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. तो दिसावा म्हणून शास्त्रज्ञ एकेका प्रकारच्या प्रकाशाला एकेक रंग नेमून देतात. आकार खरा, कुठे काय आहे ते खरं, रंग मात्र दाखवण्यापुरता नेमलेला. दत्तमहाराजांच्या तसबिरीत चित्रकार रंग आपल्या मनाने भरतो, पण तीन मुखं, सहा हात, गाय आणि चार श्वान यांत तो ढवळाढवळ करत नाही. तसंच हे.

या ढगांमध्ये आहे तरी काय, हे शोधण्यात आपल्या महाराष्ट्राचाही हात आहे, आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. 1864 साली इंग्लंडच्या हगिन्स यांनी अशाच एका मरणाऱ्या ताऱ्याच्या ढगाचा प्रकाश लोलकातून पाहिला. इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसायच्या ऐवजी एक चमकती हिरवी रेषा दिसली. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नसून विरळ वायू आहे, हे कळलं. पण ती रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना. काहींनी तर नवाच पदार्थ मानून त्याचं नावही ठेवलं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या काळातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, कावसजी नेगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून तिथे 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिथली दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. 1891 मध्ये नेगमवालांनी पुण्यातून मृगातल्या तेजोमेघाची हीच हिरवी रेषा तपासली आणि आपलं निरीक्षण इंग्लंडच्या नियतकालिकात छापलं. तिचं कोडं पुढे 1927 मध्ये अमेरिकेतल्या बोवेन यांनी सोडवलं. तो प्राणवायू निघाला, आपण श्वासात घेतो तोच. फक्त इतका विरळ आणि इतका तापलेला, की पृथ्वीवर तो तसा चमकूच शकत नाही.

आता तारा मरतो म्हणजे काय होतं, ते थोडक्यात सांगतो. सूर्यासारखा तारा आपल्या गाभ्यात हायड्रोजन जाळून उजेड देतो. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा आहे आणि अजून सुमारे 500 कोटी वर्षं त्याला काळजी नाही. गाभ्यातलं जळण संपत आलं की तारा फुगतो, तांबूस होतो, आणि त्याच्या अंगावरचे थर हळूहळू सुटू लागतात. सूर्य असा आपला जवळजवळ निम्मा भार सोडून देईल. सुटलेला वायू दर सेकंदाला वीस-तीस किलोमीटर या वेगाने लांब जात राहतो. मध्ये उरतो तो गाभा. त्याच्यात नवं जळण पेटत नाही, पण तो आधीचाच इतका तापलेला असतो, की त्याच्या उजेडाने तो सोडलेला वायू पेटल्यासारखा झळकतो. आपण ज्या चित्रांना सुंदर म्हणतो ती या अवस्थेची. साधारण दहा-वीस हजार वर्षांत वायू पांगतो, गाभा निवू लागतो आणि चित्र पुसलं जातं. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने हे म्हणजे निरोप घेताना दारात घटकाभर थांबल्यासारखं.

गुरुवारच्या आरतीनंतर आमची आठ-दहा म्हातारी मंडळी देवळाच्या ओट्यावर बसतात. एका गुरुवारी मी मोबाईलवर हे चित्र दाखवलं आणि वरची हकिगत सांगितली. सगळ्यांनी हात जोडले. आमच्यातले एक सोबती, वय पंच्याहत्तरीकडे झुकलेलं, अकरा एकर जमीन, दोन मुलं, ते मात्र चित्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, मंग मले एक सांगा. सारं पोरायच्या नावावर करून टाकू का? का जिता आहे तोवर धरून ठेवू?"

ओटा एकदम गप्प झाला, कारण हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाच्या घरात होता. कुणाकडे अकरा एकर, कुणाकडे दोन खोल्या, कुणाकडे नुसती कपाटाची किल्ली. माझ्या मते म्हातारपणी गृहस्थापुढे याहून मोठा धर्माचा प्रश्न नसतो. जप किती करावा, पारायण किती दिवसांचं करावं, हे प्रश्न यापुढे सोपे. लगेच दोन बाजू पडल्या. एक म्हणाला, "देऊन टाका, मोकळे व्हा. वर काय घेऊन जायचंय?" दुसऱ्याने त्याला 'नटसम्राट'ची आठवण दिली. सगळं मुलांना वाटून टाकलेल्या बेलवलकरांचे पुढे काय हाल झाले, ते 1970 पासून महाराष्ट्र रंगमंचावर पाहतो आहे. आणि ते केवळ नाटकात होत नाही, म्हणून तर 2007 साली ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा करावा लागला. त्याच्या 23 व्या कलमाप्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मागता येते. तेव्हा देण्यातही शहाणपण लागतं. पण न देण्यातही सुख नाही. किल्ली कमरेला बांधूनच गेलेली माणसं आपण पाहिली आहेत, आणि तेराव्याच्या आत त्यांच्या घरात पेटलेली भांडणंही पाहिली आहेत.

तेवढ्यात बाजूला वाती वळत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पण सर, ताऱ्याले काय कळते? त्याचं सुटून जाते म्हणून जाते. तो थोडाच दान करते?"

आजींचं म्हणणं बिनतोड होतं. अशी चित्रं पाहून आपण फार लवकर हात जोडतो आणि 'केवढा हा त्याग' म्हणतो. ताऱ्याच्या ठिकाणी इच्छा नाही, ममत्व नाही, म्हणून त्यागही नाही. जळण संपलं, थर सुटले, एवढंच. आणि हे खरं मानलं तर ते आपल्यावरच येऊन आदळतं. मेल्यावर आपलं जे मुलांकडे जातं, ते आपण दिलेलं नसतं, ते सुटलेलं असतं. त्यात पुण्य कसलं? सातबाऱ्यावर वारसाची नोंद होते ती आपण मेल्यावर, आपल्याला विचारून नव्हे. तारा आणि माणूस यांत फरक असेल तर तो इथेच आहे. ताऱ्याला मरणाआधी सोडता येत नाही, माणसाला येतं.

मग ताऱ्यापासून शिकण्यासारखं काही उरतं का? इथे अवधूतांचे चोवीस गुरू आठवावेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाने अवधूताला विचारलं आणि त्याने आपले चोवीस गुरू सांगितले. तो अवधूत म्हणजे दत्तमहाराजच, असं आपली परंपरा मानते. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथमहाराज यांनी आपल्या भागवतात हा भाग केवढ्या प्रेमाने उलगडला आहे. त्या चोवीसांत पृथ्वी, वारा, आकाश, सूर्य, चंद्र आहेत. अजगर, पतंग, मासा, कोळीही आहेत. यांतला कोण जाणूनबुजून शिकवायला बसला होता? अजगराला ठाऊक नव्हतं की आपण संतोष शिकवतो आहोत. पतंग तर दिव्यावर जळून गेला आणि 'असं करू नये' हे शिकवून गेला. गुरूला जाणीव असलीच पाहिजे अशी अट अवधूतांनी घातली नाही. जाणीव शिष्याला हवी. तेव्हा ताऱ्याला पुण्य लागत नाही, हे आजींचं म्हणणं मान्य करूनही त्याच्याकडून शिकायला हरकत नाही.

मला त्या चित्रात तीन गोष्टी दिसतात.

पहिली, तारा एका दिवसात उघडा होत नाही. थर थराने सुटतो, हजारो वर्षं लागतात. आपणही साठी उलटल्यावर एकेक थर उतरवायला हरकत नाही. आधी निर्णय सोडावेत, मग व्यवहार, मग मालकी. बियाणं कोणतं घ्यायचं हे मुलाला ठरवू द्यावं, मग बाजाराचा व्यवहार त्याच्याकडे द्यावा, मग कागद करावेत. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. कागद आधी होतात, तेही आजारपणात, घाईत, आणि निर्णय मात्र मरेपर्यंत सुटत नाहीत. आमच्या सौ.ने स्वयंपाकघराच्या बाबतीत हे फार नेमकं सांगितलं होतं. "डबे सुनेच्या हवाली केले म्हणतात, पण दारात उभं राहून मीठ किती घालायचं ते सांगणं सुटत नाही."

दुसरी गोष्ट, तारा सगळं सोडत नाही. गाभा राखतो. सूर्य निम्मा भार देईल, निम्मा ठेवेल. आमच्या सोबत्याला मी हेच सांगितलं. पोटापुरतं, औषधापुरतं आणि राहतं घर, एवढा गाभा शेवटपर्यंत तुमच्याच नावावर असू द्या. तो राखण्यात लोभ नाही. गाभाच उरला नाही तर उजेड देणार कोण? पण गाभा किती मोठा असावा यालाही सीमा आहे. 1930 साली एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. त्या प्रवासात त्यांनी गणित मांडलं, की श्वेत बटूचा भार सूर्याच्या सुमारे 1.4 पटींहून जास्त असूच शकत नाही. त्यापुढे तो स्वतःच्याच ओझ्याने ढासळतो. काही श्वेत बटू शेजारच्या ताऱ्यावरचं द्रव्य ओढून घेत राहतात. असा बटू त्या सीमेजवळ गेला की स्फोट होऊन त्याचा मागमूस उरत नाही. चंद्रशेखरांना या कामासाठी 1983 चं नोबेल मिळालं. फार मोठ्या ताऱ्यांचा शेवट आणखी निराळा. त्यांचा गाभा ढासळतो, आणि उरलेला गोळा भोवऱ्यासारखा फिरतो. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या भाविकांना शेजारचं कुरुंदवाड माहीत असतं. तिथे जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांनी 1982 मध्ये सहकाऱ्यांबरोबर असा एक गोळा शोधला. तो एका सेकंदात 642 वेळा स्वतःभोवती फिरतो! आपल्याकडेही काहींचं म्हातारपण असंच जातं. स्वतःभोवतीच गरगर, एका क्षणाची उसंत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गाभा सोडलेल्या वायूला परत ओढू शकत नाही. तो वायू आता त्याचा राहिलेला नाही. पण तो दिसतो, झळकतो, तो या गाभ्याच्या उजेडामुळेच. अवधूतांच्या गुरूंमध्ये एक कोळी आहे. तो स्वतःतून तंतू काढतो, त्यात खेळतो आणि शेवटी तो गिळून टाकतो. अवधूत म्हणाले, भगवंत असा सृष्टी पसरतो आणि आवरून घेतो. आवरून घेण्याची सत्ता भगवंताची आहे. आपण मात्र मुलांना काही दिलं की कोळी होऊ पाहतो. "मी दिलंय म्हणून तू आहेस" हे वाक्य म्हणजे दिलेला तंतू परत गिळण्याचाच प्रकार. घरोघरी हे वाक्य ऐकू येतं आणि ज्याला ते ऐकावं लागतं त्याचं दिलेल्यातलं सुख निघून जातं. दिलेल्यावर हक्क ठेवू नये, पण उजेड जरूर धरावा. मुलाने विचारलं तर आपला चाळीस वर्षांचा अनुभव सांगावा. विहिरीला पाणी कोणत्या अंगाने येतं, बांधावर कोणतं झाड टिकतं, कोणत्या वर्षी काय चुकलं, हे फक्त आपल्यालाच ठाऊक असतं. ते सांगितलं की शेत त्याचंच राहतं आणि त्याला अधिक स्पष्ट दिसतं.

इथे एक गोष्ट लपवू नये. हे चित्र आपण हजारो प्रकाशवर्षांवरून पाहतो म्हणून ते फुलासारखं दिसतं. त्या ताऱ्याच्या अगदी जवळ एखादा ग्रह असेल तर तारा फुगताना तो होरपळून गेला असेल. आपला सूर्य फुगेल तेव्हा बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील, पृथ्वीचीही धडगत नाही. म्हातारपणाचं तसंच आहे. वानप्रस्थावरचं प्रवचन ऐकताना सोडणं गोड वाटतं. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या आंब्याखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर करताना, मुलगा का असेना, पेन धरलेला हात थरथरतो. ते थरथरणं म्हणजे भक्ती कमी पडली, असं कुणी म्हणू नये. ज्याला ममत्व आहे त्यालाच सोडणं जड जातं, आणि जड जातं म्हणूनच ते दान होतं. ताऱ्याला हे जड जाणं ठाऊक नाही. तेवढ्यापुरता आपला साधासुधा गृहस्थ मला ताऱ्याहून मोठा वाटतो.

आणि जे सोडलं त्याचं पुढे काय होतं? आजींनी दुसराही प्रश्न केला होता. "ताऱ्याले लेकरंबाळं थोडीच असतात, सर?" असतात, आजी. सुटलेला वायू लांब जातो, इतर ढगांत मिसळतो, आणि त्यातूनच पुढे नवे तारे, नवे ग्रह घडतात. आपल्या शरीरातल्या कार्बनचा मोठा वाटा अशाच कुठल्या तरी ताऱ्यांच्या पोटात शिजलेला आहे. भाकरीतला तोच, औदुंबराच्या पानातला तोच, शेवटी सरणाच्या कोळशातलाही तोच. ते तारे सूर्याच्याही आधी होऊन गेले, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, त्यांचे गाभे कुठे निवून पडले असतील कोण जाणे. आकाशातलं द्रव्य पृथ्वीपर्यंत येतं याची साक्ष हवी असेल तर लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. आकाशातून आलेल्या पाषाणाने ते विवर पाडलं आहे. पण विवर पाडून आलेलं आपल्या डोळ्यांत भरतं, आणि भाकरीतून मुकाट्याने आलेलं दिसत नाही.

आमच्या सोबत्याने पुढे काय केलं, ते त्यांच्या घरचं आहे. ते मी इथे सांगणार नाही. वाचकांपैकी कुणी याच विचारात असेल तर त्यांना एवढंच सांगेन, की हा विचार प्रकृती ठणठणीत असताना करावा. मुलांना, आणि मुलींनाही, समोर बसवून करावा. मुलींचं नाव शेवटी हक्कसोडपत्रावर सही घेताना आठवू नये. वकिलाचा सल्ला घ्यावा, आपला गाभा राखावा, आणि दिलेलं दिलं म्हणावं. त्यानंतर रोज संध्याकाळी देवळात यावं. रिकाम्या हाताने आरतीची टाळी फार छान वाजते.

दत्तजयंतीनंतरच्या अंधाऱ्या रात्री नातवंडांना सोबत घेऊन मृग जरूर पाहा. तेजोमेघ दाखवा, काक्षी दाखवा, व्याध दाखवा. नातू विचारील, "आजोबा, काक्षी कधी मरेल?" त्याला सांगा, येत्या लाखभर वर्षांत केव्हाही. मग तो तुमच्याकडे बघून गप्प बसेल. त्याला जवळ घ्या आणि अवधूतांच्या चोवीस गुरूंची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागा. ती पुरी व्हायला बरेच दिवस लागतात.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥